द्रोण हातात देताना मोबाइल कुठे असावा?

प्रश्न : आम्ही मुलुंडचे बाराजण गेली तीन वर्षं दर रविवारी परळला रुग्णालयांबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना खिचडी वाटतो. साधारण ८० द्रोण होतात. जूनमध्ये मोखाड्यातल्या एका पाड्यावर शाळेचं साहित्य देतो. ज्या मित्रामुळे हे सुरू झालं, तो वर्षभरापासून प्रत्येक वाटपाची रील टाकतो. त्यामुळे देणग्या वाढल्या, हे खरं. पण गेल्या महिन्यात एका आजींनी पदराने तोंड झाकलं तरी शूटिंग थांबलं नाही. पाड्यावर एका मुलाकडून दप्तर परत घेऊन पुन्हा दिलं, कारण पहिला शॉट नीट आला नव्हता. आता एक कंपनी २०० दप्तरं देतेय, पण त्यावर तिला आपला लोगो हवाय. मित्र हे नावासाठी करतोय का? की मलाच त्याचं कौतुक बघवत नाही? बोलले तर काम मोडेल अशी भीती वाटते.
– एक कार्यकर्ती, मुलुंड

उत्तर :

नमस्कार ताई,

आधी तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल बोलू, कारण तीच तुम्हाला गप्प बसवते आहे. समजा, तुम्हाला मित्राचा थोडा हेवा वाटत असेल. तीन वर्षं तुम्हीही पहाटे उठून डाळ-तांदूळ धुतले आणि लोक ओळखतात त्याला, तर एवढं वाटणं माणसाचंच आहे. पण त्याने आजींचा पदर खोटा ठरत नाही. त्यांनी तोंड झाकलं होतं आणि मोबाइल सुरू होता. ही गोष्ट मत्सराने सांगितली काय आणि कळवळ्याने सांगितली काय, तेवढीच खरी राहते. म्हणून बोलण्याआधी स्वतःचं मन धुऊन स्वच्छ करत बसू नका.

आता मित्राचा हेतू. तो तुम्हाला कळणार नाही, आणि बहुधा त्यालाही पुरता ठाऊक नसेल. तीन वर्षं रविवारची झोप मोडणाऱ्या माणसाच्या मनात दया असते, सवय असते, चारचौघांत नाव व्हावं ही इच्छाही असते, आणि या गोष्टी वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवलेल्या नसतात. त्याच्या पोटात काय आहे यावर वाद घातलात तर तो दुखावेल, तुम्हीही दुखावाल आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा, रील सुरू झाल्यापासून कामात नेमकं काय बदललं ते तपासा. ते डोळ्यांना दिसतं आणि मोजताही येतं.

वेळ मोजून बघा. माणसाला थांबवायचं, मान वर करायला सांगायची, द्रोण दोघांच्या हातात धरून चित्रण करायचं, यात माणशी २० सेकंद धरा. ८० जणांचे १,६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटं. नुसतं वाटप दहा मिनिटांत उरकतं. हा जास्तीचा अर्धा तास रांगेतल्या माणसाकडून जातो. वॉर्डातून फोन आला की त्याला औषधाच्या दुकानाकडे पळायचं असतं, आणि मग बरेचजण रांग सोडून उपाशीच जातात. खिचडीचंही पाहा. मुलुंडहून परळला यायला तास-सव्वातास गेलेलाच असतो. भात ६० अंश सेल्सियसच्या खाली कोमट राहिला की त्यात जिवाणू वाढतात. त्यातल्या काहींची बीजं शिजवूनही मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजल्यापासून दोन तासांत पोटात जावी, हा अशा वाटपाचा साधा नियम आहे. नातेवाईक त्यातली थोडी वर रुग्णालाही देतात. केमोथेरपी चालू असलेल्याची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. अशा ठिकाणी अर्धा तास ही लहान गोष्ट नाही.

मग काय दिलं जातं ते बघा. कॅमेऱ्यात चांगली दिसते ती मदत हळूहळू वाढते आणि न दिसणारी मागे पडते. वाढदिवसाला वह्या वाटायच्या, आणि वहीच्या कव्हरवर वाटणाऱ्याचा हसरा चेहरा छापायचा, हे आपण मुंबईच्या प्रत्येक वॉर्डात पाहतो. मुलाला तो चेहरा वर्षभर शाळेत न्यावा लागतो. तुमचा गट तिथवर गेलेला नाही, पण स्वतःला एक विचारा: ज्याचा फोटोच निघणार नाही असं एखादं काम आपण गेल्या सहा महिन्यांत केलं का?

अशी कामं परळमध्ये पावलोपावली आहेत. केईएम, टाटा, वाडिया या रुग्णालयांच्या परिसरात थांबलेल्या कितीतरी कुटुंबांना आपले हक्क माहीत नसतात. कर्करोगाच्या उपचारासाठी प्रवास करणाऱ्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण भाडं माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातला, रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा दाखला लागतो, आणि तो वेळेत न घेतल्याने लोक पूर्ण पैसे भरून गावी जातात. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली ही योजना आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड हाताशी नसल्यामुळे ती हुकते, आणि ती कागदपत्रं गावाकडून मागवायला कुणी वेळेवर सांगत नाही. बारापैकी दोघांनी वाटपानंतर तासभर बसून एवढंच समजावून सांगितलं, तरी एखाद्या घराचे हजारो रुपये वाचतील. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग असतो. एकदा कामाच्या दिवशी त्यांना भेटून ‘तुम्हाला कशाची कमतरता भासते?’ असं विचारून या. कदाचित रविवारी तिथे खिचडी देणारे तीन गट असतील आणि बुधवारी एकही नसेल.

मुंबईत दानाची जाहिरात नवी नाही, आणि तिची लाज बाळगण्याचं कारणही नाही. १८४५ साली सुरू झालेलं जे. जे. रुग्णालय सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाने उभं आहे. केईएमशी जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांचं नाव चालवतं. जुन्या पाणपोयांवर, बागेतल्या बाकांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरं आपण लहानपणापासून वाचत आलोत. त्या दगडांवर देणाऱ्याचं नाव आहे. तिथे पाणी प्यायलेल्या हमालाचा चेहरा कोरलेला नाही, त्याला पाणी मिळालं आणि तो आपल्या वाटेने गेला. तुमच्या मित्राच्या रीलमध्ये नेमकी हीच बाजू उलटली आहे. देणारा कोण हे जगाला कळायला माझी काही हरकत नाही. मदत घेणाऱ्याने आपल्या अडचणीच्या दिवसाचं चित्र कायमचं मागे सोडून जावं, ही किंमत मात्र खिचडीच्या एका द्रोणाला फार जास्त आहे.

ही किंमत नेमकी कशी मोजावी लागते, हे मित्राला सांगा. त्याला ते बहुधा सुचलेलंच नसेल. घरात कर्करोग आहे हे अजून गावात कळू दिलेलं नसतं. मुलीची सोयरीक चालू असते. मुकादमाला ‘घरी लग्न आहे’ सांगून कुणी आलेला असतो. ज्याच्या शेतावर काल दहा माणसं जेवली, तोच आज फुटपाथवर द्रोण धरून उभा असल्याचं त्याचा भाचा मोबाइलवर बघतो. त्या आजींना यातलं काय झाकायचं होतं, हे आपल्याला माहीत नाही, आणि ते त्यांनी सांगण्याची गरजही नाही.

‘आम्ही विचारूनच काढतो,’ असं मित्र म्हणेल. द्रोण अजून देणाऱ्याच्या हातात असताना विचारलं, तर समोरचा हो म्हणणारच. खरी परवानगी घ्यायची तर आधी अन्न द्या, माणूस बाजूला होऊन बसू दे. मग वाढणाऱ्याने जाऊ नये, दुसऱ्या कुणीतरी जावं. त्याच्या भाषेत बोलावं. परळला बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातली माणसं खूप असतात, आणि मराठीतल्या प्रश्नाला ती नुसती मान डोलावतात. काढलेलं चित्र त्याला दाखवावं, ते कुठे जाणार हे सांगावं, आणि ‘नको वाटलं तर या नंबरवर सांगा, त्याच दिवशी काढून टाकू’ अशी चिठ्ठी हातात द्यावी. मान हलली, नजर वळली, पदर वर गेला, हा सगळा नकार आहे. तो तोंडाने वदवून घ्यायचा नसतो. असं नीट केलं तर ८० पैकी चार-पाचजण आनंदाने हो म्हणतील. तेवढे पुरतात.

चेहरा धूसर केला की झालं, असंही नाही. हातातला रुग्णालयाचा पट्टा, केसपेपरवरचं नाव, फाइलचा नंबर, नेहमीची साडी, आवाज यांवरून ओळखीचा माणूस लगेच ओळखतो. मुलाच्या चेहऱ्यावर फूल चिकटवायचं आणि शेजारी त्याची आई स्पष्ट दिसायची, ही चूक तर रोज दिसते.

मुलांच्या बाबतीत मी आणखी कडक नियम सांगेन: वाटपाच्या वेळी मुलांचं चित्रण अजिबात नको. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे आईवडिलांची परवानगी नव्हे. पुढे कधी बालगृहात गेलात तर तिथे कायदाच आडवा येतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाड्यावर आईवडिलांजवळ राहणारी मुलं या व्याख्येत बसतीलच असं नाही. पण ज्या मुलाच्या हातातून दप्तर परत घेतलं गेलं, त्याला त्या दिवशी काय कळलं असेल, याचा विचार कायद्याविना करता येतो. पुढच्या खेपेला दप्तरं आदल्या दिवशी शाळेत पोचवा आणि शिक्षकांना हजेरीपटाप्रमाणे वर्गात देऊ द्या. त्यांना मापंही माहीत असतात. पहिलीच्या मुलाला सातवीचं दप्तर जातं, एका घरात तीन आणि शेजारी एकही नाही, हे घोळ घाईच्या वाटपातच होतात.

कंपनीच्या २०० दप्तरांचा प्रश्न सोपा आहे. कंपनीने जरूर द्यावीत, आणि तुमच्या हिशोबात तिचं नाव ठळक लिहा. दप्तरावर लोगो मात्र नको. मुलाची पाठ म्हणजे फलक नव्हे. कंपनी हा खर्च सामाजिक दायित्वात, म्हणजे सीएसआरमध्ये दाखवणार असेल, तर तिच्या अधिकाऱ्यांना त्यांच्याच नियमांची आठवण द्या: आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही. लेखी पत्राने एवढं विचारलंत की बहुतेक वेळा लोगोचा आग्रह सुटतो. नाही सुटला तर २०० ऐवजी तुमची नेहमीची दप्तरं न्या.

आता पैसे. इथे मित्राला तुमच्या मदतीची खरी गरज आहे. रीलमधला क्यूआर कोड त्याच्या स्वतःच्या खात्याचा आहे का? असेल तर तो नकळत अडचणीत येतोय. नातेवाईक सोडून इतरांकडून एका आर्थिक वर्षात मोबदल्याविना आलेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर ती सगळीच त्याचं करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते. शिवाय नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी घेतात, तीच ही परवानगी. मुंबईचं कार्यालय वरळीला आहे. रील परदेशातही बघितल्या जातात, म्हणून आणखी एक जपा. भारतीय पासपोर्ट असलेला नातेवाईक स्वतःच्या बचतीतून पाठवतो ते वेगळं. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मावसभावाने या कामासाठी पाठवलेले पैसे ही कायद्याने परदेशी देणगी ठरते, आणि विदेशी योगदान कायद्याखालच्या मंजुरीशिवाय ती घेता येत नाही. रीलखाली ‘टॅक्समध्ये सवलत’ असं लिहिलं असेल तर ते आजच काढा. ८०जीची सवलत फक्त मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या पैशावर मिळते. त्यातही २,००० रुपयांवरची रोख रक्कम चालत नाही, आणि वस्तूरूपाने दिलेलं दान तर मुळीच धरलं जात नाही. बाराजण आहात, संस्था नोंदणीला सातजण पुरतात. तो व्याप नको असेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेशी बोला, पैसे तिच्या खात्यात आणि पावती तिची, राबणं तुमचं.

‘रील थांबली तर देणग्या थांबतील’ ही मित्राची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. लोक पाहतात तेव्हाच देतात. म्हणून दाखवणं बंद करू नका, फक्त दुसरं काही दाखवा. पहाटे चुलीवरचं पातेलं, फोडणी, निवडलेली डाळ, तांदळाची पोती, दुकानाचं बिल, टेम्पोत डबे चढवणारे तुमचेच चेहरे. मित्राला बोलायची हौस असेल तर त्याने स्वतः मोबाइलसमोर उभं राहून बोलावं, मनापासून बोलावं. दर महिन्याच्या पाच तारखेला चार ओळींचा हिशोब टाका. समजा: मागची शिल्लक ३,२०० रुपये, जमा १४,५००, खर्च १५,९००, उरले १,८००. खाली द्रोण किती गेले, किती उरले, काय बिघडलं. बिघडलेलंही लिहा; ‘दुसऱ्या रविवारी पावसामुळे ५० द्रोणच गेले, उरलेली खिचडी जवळच्या धर्मशाळेत दिली’ या ओळीने लोकांचा विश्वास बसतो. मागणीही नेमकी करा. ८० द्रोणांना साधारण साडेसहा किलो तांदूळ, अडीच किलो मूगडाळ आणि लिटरभर तेल लागतं. ‘पुढच्या रविवारची डाळ कोण देणार?’ असं विचारलं की कुणीतरी ‘मी’ म्हणतो. ‘सढळ हाताने मदत करा’ला लोक नुसता अंगठा देतात.

मित्राशी बोलायचं ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नको, आणि वाटप संपल्या संपल्या तर मुळीच नको. तेव्हा सगळे दमलेले असतात आणि त्याला वाटेल की सगळ्यांदेखत त्याची उलटतपासणी चालली आहे. एखाद्या संध्याकाळी चहाला भेटा. ‘प्रसिद्धी’ हा शब्द तोंडातून काढू नका. तो आला की पुढचं सगळं संभाषण स्वतःचा बचाव करण्यात जातं. डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं सांगा: “अरे, आजींनी पदर ओढला ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पुढचे चार रविवार चेहरे न घेता करून बघूया का? जमा कमी झाली तर पुन्हा बसून बोलू.” मुदत असलेली गोष्ट माणूस सहज मान्य करतो. त्या चार आठवड्यांत पैसे खरंच कमी पडले, तर तुम्ही इतर अकराजणांनी घरटी थोडं वाढवायची तयारी ठेवा. मित्राने एकट्याने देणग्या आणायच्या आणि आपण तत्त्व सांगायचं, हे त्याच्यावर अन्याय करणारं होईल.

आणि त्याचं कौतुक करा, सगळ्यांसमोर करा. महिन्याच्या हिशोबाखाली ‘संयोजन’ म्हणून त्याचं नाव असू द्या. तीन वर्षं राबलेल्या माणसाला शाबासकी हवीशी वाटते. ती आपल्याच माणसांकडून मिळाली नाही, की तो ती अनोळखी लोकांच्या लाइकमध्ये शोधतो.

त्याने ऐकलंच नाही तर? पहिल्या झटक्यात गट सोडू नका. बाराजणांत किमान चारजण तुमच्यासारखेच अस्वस्थ असतील, त्यांच्याशी एकेकट्याने बोला आणि एका कागदावर तीन-चार नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: वाढताना मोबाइल खिशात, मुलांचं चित्रण नाही, नकार आला की विषय संपला, हिशोब पाच तारखेला. सहा महिन्यांत हेही जमलं नाही, तर दुसऱ्या वाराला, दुसऱ्या फाटकापाशी तुमचं वेगळं पातेलं लावा. त्याचं काम वाईट, असं कुणाला सांगत फिरायची गरज नाही. परळला भुकेली माणसं दोन गटांना पुरून उरतील.

राहिला तो आजींचा व्हिडिओ. चहाची भेट होईपर्यंत थांबू नका, मित्राला आजच फोन करून एवढीच एक रील काढायला सांगा. एका रीलसाठी तो नाही म्हणणार नाही. दप्तर परत घेतल्याचा भाग दिसत असेल तर तीही काढा. फोनमधली मूळ प्रत आणि क्लाउडवर आपोआप गेलेली प्रत, दोन्ही पुसा. ग्रुपवर टाकलेली क्लिप दोन-अडीच दिवस उलटले की टाकणाऱ्यालाही सगळ्यांच्या फोनमधून काढता येत नाही. म्हणून बाराजणांनी आपापल्या फोनमधून ती काढावी, आणि ज्यांना पुढे पाठवली त्यांना तसा निरोप द्यावा. येत्या रविवारी आजी दिसल्या तर द्रोण तुम्हीच द्या, दोन्ही हातांनी, आणि व्हिडिओ काढून टाकलाय हे त्यांना हळूच सांगा.